रिंग फ्रेमची साफसफाई: घाण काढली की नुसती हलवली?



कालच्या व्हिडिओत आपण सूतगिरणीला लागून चालणारे छोटे धंदे पाहिले. कॉट बफिंग, स्पेअर पार्ट, वेस्टेज खरेदी-विक्री आणि शेवटी मशिनची साफसफाई ठेक्याने घेणं. व्हिडिओ बारा मिनिटांचा होता, त्यामुळे शेवटचा विषय घाईत उरकला. आज तोच नीट लिहून काढतोय. वही-पेन घेऊन बसा, कारण मध्ये थोडा हिशेब आहे.

आधीच सांगतो, हा लेख फक्त रिंग फ्रेमबद्दल आहे. ब्लो रूम, कार्डिंग, ड्रॉ फ्रेम, सिम्प्लेक्स अशा टप्प्यांतून कापूस पुढे येतो आणि रिंग फ्रेमवर त्याचं सूत होतं. गिरणीत सगळ्यात जास्त मशिनं याच खात्यात असतात. गिरणी केवढी आहे हे आपण चात्यांवरून सांगतो ना, पंचवीस हजार चात्यांची गिरणी वगैरे, त्या चात्या म्हणजे रिंग फ्रेमचेच स्पिंडल. म्हणून साफसफाईचं कामही इथेच जास्त मिळतं.

माझी पहिली ऑर्डर आणि पहिला फटका

बीबीए झाल्यावर मी इचलकरंजीत मिल स्टोअरचं छोटं दुकान टाकलं. ट्रॅव्हलर, टेप, एप्रन, बेअरिंग असा माल. एका गिरणीत माल पोचवायला जायचो, तिथे ओळख झाली आणि चार रिंग फ्रेम साफ करायचं काम मिळालं. मी चार पोरं घेतली, भाड्याने कॉम्प्रेसर आणला आणि हवेच्या गनने मशिन असं झाडलं की नवं दिसायला लागलं. फोटो काढले, व्हॉट्सॲपवर टाकले. लोकांनी अंगठे दिले. मी खूश!

तिसऱ्या दिवशी गिरणीतून फोन आला. सुतात जाड गाठी येताहेत, विणकराने कोन परत पाठवलेत. मी म्हटलं, आम्ही तर मशिन चकाचक केलंय. तिथे खात्यात एक जुने फिटर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. ते मला मशिनजवळ घेऊन गेले. आम्ही साफ केलेल्या मशिनच्या दोन्ही बाजूंची मशिनं त्या वेळी चालू होती. आमच्या हवेने उडालेला कापूस त्यांच्या रोव्हिंगवर, रोलरवर जाऊन बसला होता आणि तिथून थेट सुतात ओढला गेला होता. काका म्हणाले, "पोरा, घाण काढलीस का नुसती हलवलीस?"

त्या गिरणीने माझ्या बिलातून खराब सुताचे पैसे कापले. उरलेल्या रकमेत पोरांची मजुरी आणि कॉम्प्रेसरचं भाडंसुद्धा भागलं नाही, दुकानातून भरावं लागलं. पण पुढच्या वेळी मी त्यांच्या पाया पडून काकांकडे आठ दिवस शिकायला थांबलो. आज जे लिहितोय त्यातलं बरंचसं त्या आठ दिवसांतलं आहे.

तर आजच्या धड्याचं एकच सूत्र लक्षात ठेवा. प्रत्येक कामाच्या वेळी स्वतःला विचारा: ही घाण मशिनमधून निघून पोत्यात गेली का? की इथून उडून तिथे बसली?

आधी मशिन वरून खाली बघायला शिका

रिंग फ्रेमसमोर उभे राहा आणि वरून खाली नजर फिरवा.

सगळ्यात वर क्रील, म्हणजे रोव्हिंगच्या बॉबिन टांगलेल्या असतात. त्याखाली ड्राफ्टिंग. खाली लोखंडी खाचांचे रोलर, वर रबरी कॉट चढवलेले टॉप रोलर आणि मध्ये एप्रन. इथे रोव्हिंग ओढून बारीक होतं. त्याखाली न्यूमॅफिलच्या नळ्या असतात. धागा तुटला की सुटा कापूस त्या आत ओढून घेतात. मग लॅपेट, म्हणजे धागा ज्या हुकातून जातो तो भाग. त्याखाली रिंग, रिंगवर फिरणारा इवलासा ट्रॅव्हलर, आणि मधोमध चाती. सगळ्यात खाली चाती फिरवणारी टेप.

आता एक गंमत पाहा. रिंगचा व्यास ३८ मिलिमीटर आणि चातीचा वेग मिनिटाला १६,००० फेरे धरा. एका फेरीला ट्रॅव्हलर सुमारे ११.९ सेंटिमीटर पळतो. गुणाकार केला तर ताशी जवळजवळ ११५ किलोमीटर होतात! हायवेवरच्या गाडीचा वेग, आणि तोही लोखंडावर लोखंड घासत, तेलाचा थेंब न घालता. मग ते जळत का नाही? कारण धाग्यातून सुटणारे बारीक तंतू रिंगवर चिरडून त्यांचा पातळ थर बसतो आणि तोच वंगणाचं काम करतो. म्हणून नेहमीच्या कापसाच्या रिंगला तेल लावायचं नाही, रॉकेलने धुवायची नाही, पॉलिश पेपर तर अजिबात मारायचा नाही. कोरड्या कापडाने पुसायची, बस्स.

म्हणजे बघा, सगळंच साफ करायचं नसतं. कुठे काय ठेवायचं हे कळणं हाच या धंद्यातला माल आहे. झाडू मारणारा कोणीही मिळतो.

काम सुरू करण्याआधी: कुलूप आणि चिठ्ठी

हा भाग कृपया गाळू नका.

मशिन बंद करणं म्हणजे बटण दाबणं नाही. मेन स्विच बंद करा, त्याला तुमचं स्वतःचं कुलूप लावा, "काम चालू आहे" अशी चिठ्ठी टांगा आणि किल्ली तुमच्या खिशात ठेवा. शिफ्ट बदलली की नवीन माणूस येतो, त्याला काय माहीत आत कोणाचा हात आहे? वरून रुळावर फिरणाऱ्या ओव्हरहेड क्लीनरला बऱ्याच ठिकाणी वेगळा स्विच असतो. तोही बंद करा.

चालू मशिनवर साफसफाई करण्याचा धोका काही नवा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातच चालू यंत्राजवळच्या कामासाठी वेगळं कलम घातलेलं होतं. तुमच्या पोरांना घट्ट कपडे घालायला सांगा. अंगठी, कडं, गळ्यातला दोरा, लोंबणारी ओढणी काही नको. आणि कामावर अठराच्या खालचं कोणी घ्यायचं नाही, मालक कितीही म्हणू दे.

साफसफाईचा क्रम

नियम सोपा आहे: वरून खाली, आणि फुंकण्याआधी ओढायचं.

१. शेजारची मशिनं बंद करता येत असतील तर बंद करून घ्या. नसतील तर मध्ये पडदा लावा आणि हवेची गन पेटीतच ठेवा.

२. आधी व्हॅक्यूमने क्रील, वरचे पाइप, टॉप आर्म यांच्यावरचा कापूस ओढून घ्या. शक्य असेल तर क्रीलवरचं रोव्हिंग झाकून ठेवा.

३. टॉप आर्म उचला, टॉप रोलर काढून क्रमाने ट्रेमध्ये ठेवा. ज्या जागेचा रोलर त्याच जागी परत गेला पाहिजे. दोन्ही टोकांना गुंडाळलेला कापूस काढा.

४. रोलरवर लॅपिंग झालं असेल, म्हणजे कापूस घट्ट गुंडाळला गेला असेल, तर तो पितळी हुकाने काढा. सुरी, ब्लेड, कटर नको! रबरावर एक चर पडला की त्यात तंतू अडकतात आणि पुन्हा तिथेच लॅपिंग होतं.

५. खालच्या रोलरच्या खाचा मऊ ब्रशने साफ करा. एप्रन काढले तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, सावलीत पूर्ण सुकवा. पेट्रोल, डिझेल, रॉकेल लावलं की रबर फुगतं आणि एप्रन वाया जातो.

६. न्यूमॅफिलच्या प्रत्येक नळीचं तोंड बघा. एक जरी बुजलं तरी तिथे तुटलेला धागा आत न जाता शेजारच्या धाग्यात घुसतो आणि एकाचे चार धागे तुटतात.

७. लॅपेट, रिंग रेल, चातीची मुळं. ट्रॅव्हलरजवळ एक छोटी पट्टी असते, ट्रॅव्हलर क्लिअरर. तिचं काम ट्रॅव्हलरवर साठलेला कापूस पुसणं. ती वाकली किंवा लांब गेली तर ट्रॅव्हलर जड होतो आणि धागा तुटत राहतो. तिचं अंतर गेजने तपासा.

८. शेवटी खाली टेप, पुली, मोटरची हवेची जाळी आणि जमीन. मोटर आणि पॅनल इलेक्ट्रिशियनकडूनच उघडून घ्या.

काम संपल्यावर ट्रे मोजा, हत्यारं मोजा. एक स्क्रू ड्रायव्हर आत राहिला तर काय होईल ते सांगायला नको.

केव्हा काय करायचं

प्रत्येक शिफ्टला: न्यूमॅफिलची पेटी ठरलेल्या वेळी रिकामी करणं, क्लिअरर रोलरवरचा कापूस काढणं, मशिनखालची जागा ओढून घेणं. हे साईडर आणि त्यांचे मदतनीस करतात. तुमचं काम ते होतंय का हे बघणं.

आठवड्याला: रोलरच्या खाचा, ट्रॅव्हलर क्लिअरर, ओव्हरहेड क्लीनरच्या नळ्या, ढिल्या किंवा तेलकट टेप.

महिन्याला किंवा गिरणीने ठरवलेल्या दिवशी: पूर्ण मशिन बंद ठेवून वरचे आठही टप्पे.

त्याहून लांबच्या मुदतीवर: चातीचं तेल बदलणं, कॉट बफिंग, टॉप आर्मचा दाब मोजणं, चाती रिंगच्या बरोबर मध्यावर आणणं, ट्रॅव्हलर बदलणं. या मुदती प्रत्येक मशिनला आणि काउंटला वेगळ्या असतात. मशिनसोबत आलेलं पुस्तक मागून घ्या आणि त्यातलंच वेळापत्रक धरा. अंदाजपंचे नको.

दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. चातीत तेल जास्त भरलं की ते बाहेर येऊन टेपवर पडतं. टेप घसरते, चाती हळू फिरते, सुताला पीळ कमी बसतो. काउंट तपासला तर बरोबर निघतो, पण मागावर धागा तटातट तुटतो. विणकर शिव्या देतो आणि कोणाला कारण सापडत नाही. दुसरी गोष्ट, मशिन जास्त दिवस बंद राहणार असेल तर टॉप आर्मचा दाब सोडून ठेवा. नाहीतर रबरी कॉट एका बाजूने चपटे होतात आणि पुढचे कित्येक दिवस सूत खराब येतं.

सूत स्वतःच पत्ता सांगतं

ही युक्ती काकांनी शिकवली आणि मला सगळ्यात जास्त गिऱ्हाईक हिनेच दिलं.

काळ्या फळीवर सूत गुंडाळून बघा. जाड जागा कुठेही, कशाही येत असतील तर बहुतेक उडता कापूस आहे, म्हणजे साफसफाईचा प्रश्न. पण त्या ठरावीक अंतराने येत असतील तर टेप घेऊन अंतर मोजा. पुढच्या लोखंडी रोलरचा व्यास २५ मिलिमीटर असेल तर त्याचा घेर ३.१४ गुणिले २५, म्हणजे सुमारे ७.९ सेंटिमीटर. दोष दर ७.९ सेंटिमीटरला येतोय? मग तो रोलर वाकडा आहे किंवा त्याच्या खाचेत काहीतरी अडकलंय. वरचा कॉट ३० मिलिमीटरचा असेल तर घेर ९.४ सेंटिमीटर. दोष ९.४ ला येतोय? मग कॉटवर चर पडलाय.

गिरणीच्या मॅनेजरसमोर हे करून दाखवलंत ना, तर तुम्ही झाडलोट करणारे राहत नाही. तो तुम्हाला खुर्ची देतो.

आता हिशेब

मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मशिन सहा तास बंद ठेवायचं? नुकसान कोण भरणार?" घाबरू नका, वही उघडा.

१,००८ चात्यांचं मशिन, ३० काउंट, १६,००० फेरे. सोयीसाठी एका चातीमागे आठ तासांत १६५ ग्रॅम सूत धरू. पूर्ण मशिनचे झाले सुमारे १६६ किलो. म्हणजे तासाला जवळपास २१ किलो. सहा तास बंद म्हणजे साधारण १२५ किलो सूत गेलं. हे खरं नुकसान आहे, ते मान्य करा.

आता दुसरी बाजू. खात्यात फिरा आणि रिकाम्या चात्या मोजा. समजा एका मशिनवर कायम ३० चात्या बंद दिसतात, कारण तिथे धागा टिकतच नाही. तीस गुणिले १६५ ग्रॅम गुणिले तीन शिफ्ट, म्हणजे दिवसाला जवळपास १५ किलो. महिन्याचे २६ दिवस धरले तर सुमारे ३८५ किलो!

साफसफाईने सगळ्या तीस चालू होतील असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी रिंग झिजलेली असते, काही ठिकाणी चातीच गेलेली असते. निम्म्या जरी चालू झाल्या तरी महिन्याला १९० किलोच्या वर सूत वाढलं. १२५ घालवून १९० मिळालं. शिवाय गाठी कमी, परत येणारे कोन कमी.

म्हणून कोटेशन देण्याआधी एक दिवस फुकट जा. रिकाम्या चात्या मोजा, तासाला किती धागे तुटतात ते लिहा. काम झाल्यावर पुन्हा तेच मोजा. दोन्ही आकडे बिलासोबत द्या. आकडा सुधारला नसेल तर तेही लिहा. माझं पहिलं काम फसलं तेव्हा माझ्याकडे फोटो होते, आकडे नव्हते.

वेस्टेज वेगळं ठेवा

साफसफाईत तीन प्रकारचा कापूस निघतो. न्यूमॅफिलच्या पेटीतला कापूस स्वच्छ असतो, तो गिरणी पुन्हा मिश्रणात वापरते किंवा चांगल्या भावाने विकते. पिळलेल्या धाग्याचं वेस्टेज वेगळं, आणि जमिनीवरचा तेलकट कचरा वेगळा. तीन पोती, तीन रंगांच्या दोऱ्या. पोरांनी सगळं एकत्र कोंबलं की चांगल्या मालालाही कचऱ्याचा भाव येतो. हे वेस्टेज गिरणीचं आहे, तुमचं नाही, हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगा. तेलकट चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

धूळ आणि आग

कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की बिसिनोसिस नावाचा आजार होतो. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर आलं की छाती आवळल्यासारखी वाटते, हे त्याचं ओळखीचं लक्षण. तुमच्यातला कोणी तसं म्हणत असेल तर "सवय होईल" म्हणू नका, डॉक्टरकडे पाठवा. नाकाला रुमाल पुरत नाही, चांगला मास्क द्या आणि त्याचा खर्च कोटेशनमध्ये धरा. कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे झाडायची सवय तर लगेच मोडा, डोळा आणि कान दोन्ही जाऊ शकतात.

आणि आग. मोटरच्या जाळीवर कापूस साठला की मोटर तापते आणि तोच कापूस पेट घेतो. विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही, कार्बन डायऑक्साइड किंवा पावडरचा सिलिंडर वापरायचा. तो कुठे टांगलाय हे काम सुरू करण्याआधी प्रत्येकाने हात लावून बघायचं. विझलेला कापूस आत धुमसत राहतो, म्हणून तो बाहेर मोकळ्यावर काढून नजरेखाली ठेवायचा.

सुरुवात कुठून करायची?

भांडवल फार लागत नाही. एक चांगला व्हॅक्यूम, मऊ ब्रश, पितळी हूक, गेज, ट्रे, कुलपं, मास्क. कॉम्प्रेसर शेवटी घ्या. पहिल्या महिन्यात एकच मशिन मागा. एका मशिनचे आधीचे आणि नंतरचे आकडे चांगले आले की बाकीची मशिनं आपोआप येतात. माझ्या बाबतीत तसंच झालं. ज्या गिरणीने बिल कापलं होतं, तिनेच सात-आठ महिन्यांनी पुन्हा बोलावलं. काकांनी शब्द टाकला होता. काम झाल्यावर ते आले, शेजारच्या चालू मशिनच्या रोव्हिंगवरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि काही न बोलता चहा सांगितला.

आजचा गृहपाठ: तुमच्या जवळच्या गिरणीत किंवा ओळखीच्या युनिटमध्ये परवानगी घेऊन जा. एका रिंग फ्रेमच्या रिकाम्या चात्या मोजा आणि वरचा हिशेब तुमच्या आकड्यांनी करून बघा. गिरणी जवळ नसेल तर तुमच्या धंद्यातलं जे मशिन असेल, पिठाची गिरणी, शिलाई मशिन, झेरॉक्स, त्याला हाच प्रश्न विचारा: इथली घाण आपण काढतो की हलवतो?

पुढच्या भागात कॉट बफिंगचं युनिट: जागा, मशिन आणि गिऱ्हाईक. भेटूया. काळजी घ्या, आणि किल्ली खिशात ठेवा!